लग्न झालेली डबरी

बाबाराव : अन् भाषन लंबं नका करू, जवाईबापू. दोन शब्द बोलाचे, हात जोडाचे, बसाचं. ‘तलाव’ म्हनू नका, ‘तरिया’ म्हना. इथल्या लोकायले आपलेपना वाटते.

निरंजन : कुठला तरिया, बाबा?

बाबाराव : आता घ्या! ज्याच्या पूजेसाठी सकाळपासून सफारीले इस्त्री करून बसलो मी, तो. आपली डबरी!

शर्मिष्ठा : बाबा, पहिले पोहे खा. थंडे होऊन राहिले. कालपासून नुसतं डबरी, डबरी. निरंजन, तू पण घे.

निरंजन : एक मिनिट, शर्मिष्ठा. बाबा, आज आमच्या साइटचं भूमिपूजन आहे. गोदामाचं. मालधक्क्याच्या मागच्या त्या रिकाम्या जागेवर. तुम्ही त्याच पूजेबद्दल बोलताय ना?

बाबाराव : आयकलं का शर्मू? तुझा नवरा मस्करी करायले शिकला बाप्पा! लग्नाले इतके वर्ष झाले, पयल्यांदा सासऱ्यासंग हसला.

निरंजन : मी मस्करी नाही करत.

बाबाराव : मंग गोदाम बांधता कुठं, पान्यात?

निरंजन : पाणी उपसून. मुरूम भरून.

शर्मिष्ठा : काय भरून?

निरंजन : मुरूम. आज ट्रक लागणार आहेत. नारळ फुटला की भराई सुरू.

शर्मिष्ठा : थांब. तू मला म्हणालास मालधक्क्याजवळची पडीत जमीन. मी समजले रेल्वेच्या यार्डातली असेल. तू आपल्या डबरीबद्दल बोलतोयस? जिथे मी पोहायला शिकले?

निरंजन : तू कुठे पोहायला शिकलीस ते मला कसं कळणार? कागदावर पडीतच आहे ती.

बाबाराव : दोघंबी चूप राहा जरा. जवाईबापू, तुमी गहरीकरण करून रायले ना? डबरी खोल करून, गाळ काढून, पार बांधून देनार ना?

निरंजन : असं कोणी सांगितलं तुम्हाला?

बाबाराव : तुमीच.

निरंजन : मी? या साइटबद्दल मी तुमच्याशी अवाक्षर बोललेलो नाही.

बाबाराव : तोंडानं नाई बोलले. हातानं बोलले. मे मयन्यात तुमी ते तिपाई अन् दुर्बीन घेऊन आलते ना? डबरी सुकली होती. मधात लाकडाचा खांब हाये, त्याले लाल लावलं तुमी. साऱ्या मोहल्ल्यानं पायलं.

निरंजन : तो बेंचमार्क होता, बाबा! उंची मोजायची तर एक पक्की खूण लागते, जी हलणार नाही. तिथे दुसरं पक्कं काही नव्हतंच. एक जुना खांब दिसला, त्यावर ऑइलपेंटनं पट्टा मारला. मला वाटलं म्हशी बांधायचा खुंट असेल.

बाबाराव : म्हशी बांधाचा खुंट! ऐकून घे शर्मू, काय म्हनते तुझा इंजिनेर.

निरंजन : मग काय आहे तो?

शर्मिष्ठा : लग्नाचा खांब आहे, निरंजन. बिहावाचा. इकडे तलावाचं लग्न लावतात. खोदून झाला की सालवृक्षाच्या लाकडाचा खांब मधोमध गाडतात, त्याला हळद लावतात, वाजतगाजत वरात काढतात, सगळ्यांना जेवू घालतात. लग्न झाल्याशिवाय ते पाणी पूजेला चालत नाही, दहाव्याला चालत नाही.

बाबाराव : माझा बाप वराती होता त्या लग्नाचा. नवा नवा नागपूरहून बदलून आलता. म्हने, इकडचे लोक तं पान्याचंबी लग्न लावतात, आपन काहून मागं राहाचं? नाचला तो वरातीत. अन् त्या खांबाले कोनी बाहेरचा साहेब येऊन लाल लावते, तं लोक काय समजतीन? सिंदूर समजले. बाया मागाहून गेल्या, अक्षदा टाकल्या, उदबत्ती लावली. म्हने, साहेब मोठा धरमी हाये, काम सुरू कराच्या पहिले डबरीले मान देला. मले विचारलं, बाबू, कोन होता तो? म्या छाती फुगवून सांगतलं, माझा जवाई होय, डबरी खोल करायले आला.

निरंजन : पण ‘खोल करायला’ हे तुम्ही कशावरून काढलंत?

बाबाराव : मंग सुकल्या तलावात उतरून इंजिनेर मापं कायले घेईन? बुजवायले? माझा जवाई बुजवायले आला असन, हे माझ्या सपनातबी नाई आलं!

शर्मिष्ठा : बाबा, आवाज चढवू नका. बीपी आहे तुमचं.

बाबाराव : बीपी गेलं खड्ड्यात.

निरंजन : आणि तुम्हाला वाटलं, तर मला एकदा विचारायचं. शेजारच्या गल्लीत राहत नसलो तरी आमचं तेलीबांधा याच शहरात आहे, विलायतेत नाही. फोन करायचा.

बाबाराव : सासऱ्यानं जवायाले विचाराचं, तुमी कराल ते चांगलंच कराल ना म्हनून? असं विचारत असतात का कुठं?

निरंजन : हे बघा, चोरून काही झालेलं नाही. वॉर्डात नोटीस लागली होती. ज्याला हरकत असेल त्यानं यावं, असं स्पष्ट लिहिलं होतं. एक माणूस आला नाही. एकसुद्धा.

बाबाराव : नाई आला. म्या येऊ देला नाई.

शर्मिष्ठा : म्हणजे?

बाबाराव : धर्मपाल आलता. माझ्यासंग यार्डात होता तो, तुमच्या लग्नात मांडव त्यानंच घातलता. म्हने, बाबाराव, नोटिशीत ‘समतलीकरण’ लिवलं हाये, म्हंजे भरून सपाट कराचं. आपन लोक गोळा करू, हरकत घेऊ. म्या त्याले चार लोकायत झापलं. म्हनलो, तुले माझ्या जवायावर भरोसा नाई का बे? तो उठला, गेला. तवापासून या घरचा चहा नाई पेला त्यानं.

शर्मिष्ठा : आणि लोकांनी तुमचं ऐकलं.

बाबाराव : माझंच आयकतात ना. तेच तं. सारी जिंदगी काटेवाला होतो मी रेल्वेत. लाल दिसलं की थांबाचं, एवढं एकच शिकलो होतो. अन् इथं लाल पाहून म्याच साऱ्यायले म्हनलो, चला पुढं.

शर्मिष्ठा : निरंजन, तू तरी काय पाहिलंस? डोळे कुठे होते तुझे?

निरंजन : मे महिना होता! भेगाळलेली माती, थोडी बेशरमची झुडपं, बकऱ्या चरत होत्या. बकऱ्यांमागे एक माणूस होता, त्याला विचारलंसुद्धा, भैया, ये क्या है? तो म्हणाला, डबरी. आमच्याकडे डबरं म्हणजे खड्डा. मी लिहिलं, खड्डा, पडीत.

शर्मिष्ठा : डबरी म्हणजे लहान तलाव! इथलं शेंबडं पोरगंही सांगेल.

निरंजन : मी इथलं शेंबडं पोरगं नाही ना!

शर्मिष्ठा : मग मला विचारायचं होतंस. घरात रायपूरची बायको आहे, तिला एक शब्द विचारला असतास तर जीभ झिजली नसती तुझी.

निरंजन : बरं, तलाव तर तलाव. किती मोठा? उन्हाळ्यात आटतो, हिवाळ्यात शेवाळ धरतो. शहरात असे कितीतरी बुजले, त्यावर बाजार झाले, शाळा झाल्या. जग बुडालं का?

बाबाराव : जग नाई बुडालं. आपली ही गुढियारी बुडते. दरसाली. तुमी तेलीबांध्याच्या चौथ्या मजल्यावरून पाहाता, म्हनून दिसत नाई. जोराचा पाऊस आला की यार्डाकडचं सारं पानी पहिले डबरीत येते. तिचं पोट भरलं की मंग नाल्यात. तिचं पोटच नाई ठेवलं, तं ते कुठं जाईन?

निरंजन : त्यासाठी मोठी नाली काढतोय आम्ही. आराखड्यात आहे. गोदामाच्या भिंतीला लागून, सरळ उताराला.

बाबाराव : उताराले कोन राहाते?

निरंजन : उताराला… खालची वस्ती.

बाबाराव : खालची वस्ती म्हंजे कोन? या, खिडकीत या. ते पाहा नळाजवळचं कोपऱ्यावरचं घर, ते धर्मपालचं. त्याच्या अल्याड हे आपलं. सरळ उताराले बरोबर आपल्या अंगनात येते तुमची नाली.

शर्मिष्ठा : आणि खाली जिरतं ते? आपल्या सोसायटीत होळी झाली की टँकर सुरू होतात, निरंजन. बादली बादलीवरून बायका भांडतात लिफ्टजवळ. इथे कोपऱ्यावरचा हातपंप भर जेठातही पाणी देतो. तो काय हवेतून देतो? त्या डबरीच्या पोटात जिरलेलंच देतो. तुला शेवाळ दिसलं. मला तिथे शिंगाडे दिसतात, थंडीत उतरणारी अडई बदकं दिसतात. आईचा दहावा आम्ही तिथेच केला.

निरंजन : मला हे सगळं आज ऐकवून काय उपयोग? आज?

शर्मिष्ठा : थांबव.

निरंजन : मी थांबवू शकत नाही.

शर्मिष्ठा : सर्व्हे तुझा आहे. तू म्हणालास चुकलो, तर काम थांबतं. तलाव असेल तर भरता येत नाही, हे तूच मला सांगितलंयस कधीतरी.

निरंजन : आणि मग? पुण्यात एकदा थांबवलं. नाशकात एकदा थांबवलं. दोन्ही वेळा मी बरोबर होतो, आणि दोन्ही वेळा घरी बसलो. माझं नाव काय पडलंय माहितीये? काम अडवणारा माणूस. इथे चारुदत्त सरांनी मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारला, ‘इथे अडवणार नाही ना?’ मी हसून म्हणालो, नाही सर. आणि या खेपेला तर मी बरोबरही नाही, चुकलोय! चुकलो म्हणून काम अडवणारा माणूस. मला कोण उभं करेल?

शर्मिष्ठा : दोन्ही वेळा सामान मीच बांधलं. तक्रार केली कधी?

निरंजन : नाही केलीस. म्हणून तर तिसऱ्यांदा तुला बांधायला लावायचं नव्हतं. बाबांच्या जवळ आलीस, तुझा चेहरा बदलला इथे आल्यावर. मी बघत नाही का?

शर्मिष्ठा : माझ्या चेहऱ्यासाठी डबरी बुजवणार तू? मला नको असला चेहरा. तुझ्या आईच्या विहिरीचं काय झालं ते आठव.

निरंजन : आईची विहीर मध्ये आणू नकोस.

शर्मिष्ठा : आणणार. बाबा, याच्या गावाला समुद्राकडे खाजण होतं. चिखल, कांदळाची झाडं, खेकडे. लोक म्हणायचे, घाण आहे नुसती. भराव टाकला, कांदळं तोडली, वर बंगले बांधले. भरती आधी त्या चिखलात पसरायची, जिरायची. मग ती पसरणार कुठे?

बाबाराव : कुठं गेली?

शर्मिष्ठा : सांग ना, निरंजन.

निरंजन : आमच्या विहिरीत आली. गोड्या पाण्याची विहीर होती, सगळी वाडी प्यायची तिचं. ती खारी झाली. चहा टाकला की दूध फुटायचं. आईला पटायचंच नाही, ती दूधवाल्याशी भांडायची. रोज. अजूनही ती विहिरीवर गेली की ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघते, गोड झालंय का.

बाबाराव : मंग तुमाले तं सारं मालूमच हाये, बाप्पा.

निरंजन : हो. माहीत आहे. मला लाज वाटतेय, बाबा. एवढं बस झालं का?

बाबाराव : नाई, बस नाई झालं. पन तुमाले मी कोन बोलनार? तुमी अनजान होते, मी तं इथलाच. शर्मू, माझी चप्पल पाहा कुठं हाये. मी जातो. लोकायपुढं उभा राहातो अन् सांगतो, बाबू झूट बोलला. थुंकतीन तं थुंकतीन. तुमी नका येऊ, जवाईबापू. तुमची नोकरी राहू द्या.

निरंजन : तुम्ही एकट्यानं जायचं नाही.

बाबाराव : काहून? भूमिपूजनाले जोडीनं बसाचं असते, तोंड काळं कराले एकटाच पुरतो मी.

शर्मिष्ठा : बाबा, काहीही बोलू नका. निरंजन, तुझा फोन. चारुदत्त सर आहेत.

(निरंजन फोन स्पीकरवर टाकतो. पलीकडून बाजा ऐकू येतो.)

चारुदत्त : निरंजन, कुठे आहेस? अरे, इथे काय माहोल आहे, तू बघच. लोक वाजंत्री घेऊन आलेत. कलश घेऊन बायका. इतक्या साइट केल्या, भराईला असं स्वागत मी पाहिलं नव्हतं. तुझ्या सासरेबुवांची कृपा म्हणतात. त्यांना माझा नमस्कार सांग.

निरंजन : सर, पंप?

चारुदत्त : काल संध्याकाळीच लावला. जवळजवळ रिकामं झालंय. आणि गंमत म्हणजे लोकच मदत करतायत, चिखलातले मासे टोपल्यांत भरून दुसऱ्या तलावात सोडायला नेतायत. म्हणतात, खोल झाला की परत आणून सोडू. काय खोल, कोणाला ठाऊक. तू ये लवकर. मुरमाचे ट्रक उभे आहेत. पुढच्या ट्रकसमोर एक म्हातारा बसलाय, बाकी सगळं ठीक.

बाबाराव : कोन म्हातारा? कोन बसला?

चारुदत्त : कोण बोलतंय? रेल्वेतला कोणी आहे म्हणे. वेडसर असावा. लोकच त्याला समजावतायत, उठ बाबा, चांगलं काम आहे.

बाबाराव : धर्मपाल. वेडसर नाई हाये तो! शर्मू, धर्मपाल एकटा बसला.

निरंजन : सर, ऐका. भराई थांबवा. माझा सर्व्हे चुकलाय.

चारुदत्त : काय म्हणालास?

निरंजन : तो खड्डा नाही. तलाव आहे. जिवंत तलाव. मी मे महिन्यात पाहिला, सुकलेला होता, माझ्या ध्यानात आलं नाही. लोक भराईसाठी नाचत नाहीयेत, सर. त्यांना वाटतंय आपण तो खोल करतोय.

चारुदत्त : निरंजन, ज्यांची जमीन आहे ते साहेब माझ्या शेजारी उभे आहेत. मी जरा बाजूला येतो… हां. आता बोल. तू पुन्हा तेच करतोयस.

निरंजन : हो, सर.

चारुदत्त : मुलाखतीत मी तुला एकच प्रश्न विचारला होता.

निरंजन : आठवतो. उत्तर खोटं निघालं माझं. आजच लेखी पाठवतो, माझ्या सहीनं.

चारुदत्त : लेखी उद्या वाचलं जाईल, अरे. ट्रक आत्ता उभे आहेत. तुझ्या तोंडच्या शब्दावर मी ते परत पाठवू? ज्या जागेसाठी एक हरकत आली नाही, जिथे लोक वाजवतायत, नाचतायत? कोणत्या तोंडानं सांगू साहेबांना?

निरंजन : नारळ फोडू नका एवढंच सांगा.

चारुदत्त : नारळ मी थांबवू शकत नाही. गुरुजी बसलेत. फार तर मंत्र जरा लांबवायला सांगेन. आणि हे बघ, मी काही राक्षस नाही. लोक आडवे आले तर लोकांच्या अंगावर मी ट्रक घालणार नाही. पण एका म्हाताऱ्याला लोक म्हणत नाहीत. ठेवतो.

शर्मिष्ठा : गाडीची किल्ली दे. मी चालवते.

निरंजन : बाबा, लोकांशी मी बोलेन. पण माझी हिंदी ऐकून ते हसतील. मी सांगेन, तुम्ही त्यांच्या बोलीत सांगा. माझ्या चुकीचं मी, तुमच्या चुकीचं तुम्ही. चालेल?

बाबाराव : चालन. पन पहिले एक फोन करू द्या मले. नंबर लावून द्या. मले चष्म्याबिगर दिसत नाई… नाई, चष्मा हाये डोयावर. तरीबी दिसून नाई रायलं.

शर्मिष्ठा : द्या इकडे. रडू नका बाबा. घ्या, लागला.

धर्मपाल : बोला, बाबाराव साहेब.

बाबाराव : साहेब नको म्हनू बे.

धर्मपाल : मंग काय म्हनू? आज तं तुमच्या घरचं कार्य हाये.

बाबाराव : धर्मपाल, तू बरोबर होता. बुजवून रायले ते.

धर्मपाल : मालूम हाये मले.

बाबाराव : मले मालूम नवतं रे. आईशप्पथ, नवतं मालूम.

धर्मपाल : तेबी मालूम हाये मले.

बाबाराव : लोक हसून रायले का तुले?

धर्मपाल : एकदोन पोट्टे हसले. बाकीचे मासोया वेचून रायले, त्यायले कुठं टाइम हाये? ट्रकवाल्या पोरानं पानी पाजलं मले. म्हने, दादाजी, छाँव में बैठो. म्या म्हनलो, छाँव तुझ्या ट्रकाचीच हाये, बेटा.

बाबाराव : उठू नको तिथून.

धर्मपाल : उठाचं म्हनलं तरी गुडघे उठू देतीन का? पन गुरुजींचं आटपत आलं हाये, बाबाराव. नारळ हातात घेतला त्यायनं.

बाबाराव : आमी येऊन रायलो. मी, शर्मू अन् माझा जवाई. तिघायपुरती जागा ठेव.

धर्मपाल : जागाच जागा हाये. मी एकटाच तं बसलो.